पावसातील रानवाट आणि आपली मराठी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते मराठीचे शिक्षक होते आणि उत्तम चालणारे होते. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा, असे त्यांच्या हयातीत कुणाला वाटले नसेल. मला मात्र तो संबंध फार जवळचा वाटतो आणि आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतसाहित्यावर किंवा नवकाव्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. तिचा भंग होत असल्यास उदार मनाने सोसावा, ही विनंती.

अनेक वर्षे मी मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंधाचा विषय आला, की मुले मन लावून लिहीत. त्यांच्या निबंधात भातखाचरे असत, कौलारू घरे असत, माडांवरून निथळणारे पाणी असे, क्वचित खवळलेला समुद्रही असे. लिहिणारी मुले इंदूरची. त्यांतील कित्येकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. शहराच्या वेशीबाहेर पडले की लागणारी काळी जमीन, सोयाबीनची शेते, महूच्या पलीकडे सुरू होणारे सागाचे रान, चोरलची दरी, ह्यांपैकी काहीच त्या निबंधांत नसे. भाषा शुद्ध असे, अलंकारही असत. पाऊस मात्र दुसऱ्याच्या अंगणातला असे. मुलांचा ह्यात दोष नव्हता. त्यांनी जी पाठ्यपुस्तके वाचली, ज्या कविता पाठ केल्या, त्यांतील पाऊस सह्याद्रीचा आणि कोकणचा होता. मराठीत पाऊस म्हणजे तोच, अशी त्यांची समजूत होणे स्वाभाविक होते.

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न येथून सुरू होतो. तीनशे वर्षांच्या आसपास आपण माळव्यात राहत आहोत. येथील पावसाची मराठी आपल्याला का घडविता आली नाही?

एक कारण इतिहासात सापडते. मराठी फौजा नर्मदा ओलांडून विंध्याच्या घाटांनी वर येत, त्या मुख्यतः दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर, वाटा कोरड्या झाल्यावर. चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याची निर्णायक लढाई जिंकली ती २९ नोव्हेंबर १७२८ रोजी. पावसाळा आला की फौज छावणी करून राही. 'छावणी' ह्या शब्दाला मराठी कागदपत्रांत पावसाळी मुक्कामाचा जो अर्थ आहे, तो ह्यामुळेच. म्हणजे आपल्या पूर्वजांची ह्या डोंगरांशी ओळख झाली ती हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पावसातील विंध्य त्यांनी छपराखालून पाहिला.

पुढे रेल्वे आली. तुकोजीराव होळकर दुसरे ह्यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० च्या दशकात 'होळकर स्टेट रेल्वे' घाट चढून इंदूरला आली. काळाकुंड ते पाताळपाणी ही चढण इतकी कठीण, की गाडीला जादा इंजिन जोडावे लागे. काळाकुंडला पानावर मिळणारा कलाकंद, टंट्या भिलाच्या स्मृतीसाठी पाताळपाणीला गाडीने घेतलेला थांबा आणि खिडकीतून दिसणारी ओली हिरवी दरी, एवढ्या तीन गोष्टी माझ्या पिढीतील प्रत्येक इंदूरकराच्या आठवणीत आहेत. त्या मार्गावरील मीटरगेजची नियमित वाहतूक २०२३ मध्ये थांबली. पाताळपाणी ते काळाकुंड ह्या टप्प्यावर सहलीसाठी वारसागाडी मात्र २०१८ च्या डिसेंबरातच सुरू झाली होती. हे सर्व रम्य आहे, ह्यात शंका नाही. परंतु खिडकीतून पाहिलेल्या पावसाला शब्द लागत नाहीत, 'काय सुंदर!' एवढ्यावर काम भागते. शब्दांची गरज पडते ती पाय निसरड्या दगडावर ठेवताना.

दुसरे कारण परंपरेत आहे. पावसाळ्यात हिंडू नये, एके ठिकाणी राहावे, हा भारतातील जुना नियम. बौद्ध भिक्षूंना वर्षावास सांगितला गेला. कारण पावसात हिंडणारे लोक कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवितात, असा आक्षेप घेतला गेला होता. जैन मुनी चातुर्मासात विहार थांबवितात. आपल्या नर्मदेचे परिक्रमावासीही चातुर्मासात एका गावी मुक्काम करतात. ह्या नियमामागे जी करुणा आहे, तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु मराठी माणसाची आणखी एक परंपरा आहे आणि ती नेमकी पावसात चालण्याची आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती पुण्याहून दिवे घाट चढून पंढरीच्या वाटेला लागते. इरावती कर्वे ह्यांनी 'वाटचाल' ह्या लेखात त्या चालण्याला मराठी गद्यात कायमचे स्थान दिले. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळगडावरून विशाळगडाकडे निघाले, तेही भर पावसाच्या रात्री. मसाई पठारावरून पावनखिंडीकडे जाणारी ती वाट आजही तरुण मुले दर जुलैत तुडवितात. पाऊस आणि पायवाट ही जोडी मराठी मनाला परकी नाही. ती माळव्यापर्यंत पोहोचली नाही, इतकेच.

आता हा माळव्याचा डोंगर कसा आहे, ते पाहू. इंदूरच्या दक्षिणेस महू आणि मानपूर ह्यांच्या दरम्यान जानापाव नावाचा डोंगर आहे. उंची साडेआठशे मीटरांहून थोडी अधिक. जमदग्नींचा आश्रम येथे होता आणि परशुराम येथे जन्मला, अशी श्रद्धा आहे. भूगोलाच्या दृष्टीने ह्या डोंगराचे महत्त्व वेगळे आहे. येथे उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे जाऊन यमुनेला मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला जाते. ह्याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचे पाणी चोरल आणि कारम ह्या नद्यांतून नर्मदेला आणि पुढे पश्चिम समुद्राला जाते. एकाच सरीचे थेंब. वाऱ्याने हातभर इकडे किंवा तिकडे टाकले, की त्यांचे समुद्र बदलतात.

ह्या डोंगराचा खडक आपल्या ओळखीचा आहे. रायगड आणि राजगड ज्या काळ्या कातळावर उभे आहेत, तोच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ इंदूरच्या पायाखाली आहे. खडक एक, पाऊस मात्र निराळा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इंदूरला हजाराच्या आतबाहेर. सह्याद्रीवरचा पाऊस पश्चिमेकडून चालून येतो; माळव्याला अरबी समुद्राचे वारे पाऊस देतात, तसे बंगालच्या उपसागरावरून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टेही देतात. म्हणजे आपल्या अंगणात पाऊस कधी पश्चिमेकडून येतो, तर कधी पूर्वेकडून. मृग नक्षत्राचा बराचसा भाग येथे पुष्कळदा कोरडाच जातो आणि खरी सुरुवात आर्द्रेच्या सुमारास होते. पुढे पुनर्वसूचा 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस येतो. चार दिवस झड लागते आणि मग लांब उघडीप पडते. ह्या उघडिपीत येथील रान आपले खरे रूप दाखविते.

गेल्या श्रावणात एका मंगळवारी मी, माझा एक जुना विद्यार्थी आणि पायथ्याच्या गावातील एक प्रौढ शेतकरी असे तिघे ह्या बाजूच्या रानातून चाललो. माझे वय पाहता वेग कासवाचा होता आणि ते बरेच झाले. वर आता पक्का रस्ता गेला आहे. आम्ही गुरांच्या पायवाटेने गेलो. आभाळात मळभ होते, भुरभुर चालू होती. सागाच्या रानातील पावसाचा आवाज इतर कोणत्याही रानात ऐकू येत नाही. सागाचे पान सुपाएवढे आणि खरखरीत. त्यावर थेंब पडला की ताशावर टिपरी पडावी तसा आवाज होतो. पाऊस थांबला तरी पानांतून पानांत पाणी गळत राहते, म्हणून आभाळातला पाऊस संपल्यावरही रानातला पाऊस अर्धा घटका चालूच असतो. सागाला ह्याच दिवसांत पांढुरक्या बारीक फुलांचे तुरे येतात. कोवळे पान बोटांत चोळले, तर बोटे कुंकवासारखी लाल होतात. भाद्रपदाकडे एक लहानशी अळी पानाचा हिरवा गर खाते आणि शिरांची जाळी तेवढी मागे ठेवते. मग तेच रान ऐन पावसाळ्यात करडे दिसू लागते.

सागाखेरीज धावडा, ऐन, सालई, टेंभुर्णी, मोह आणि पळस ही ह्या रानातील मंडळी. उन्हाळ्यात जी टेकडी भाजलेली दिसत होती, तिच्यावर गुडघाभर गवत उभे राहिले होते. झुडपांतून कळलावीची लाल-पिवळी फुले डोकावत होती. कुठूनतरी नवरंगाची दोन सुरांची शीळ येत होती. हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे असतो आणि घरट्यासाठी पावसाळ्यात मध्य भारतातील रानांत येतो. आम्ही बोलत नव्हतो. ठरवून गप्प राहिलो होतो असे नाही. चढणीवर दम टिकवावा लागतो आणि निसरड्यावर लक्ष.

एक नाला ओलांडावयाचा होता. पाणी जेमतेम घोट्याएवढे, नितळ. माझा विद्यार्थी पुढे झाला, तोच त्या शेतकऱ्याने त्याचा हात धरला आणि म्हणाला, "रुको भैया. नाले की बोली बदल गई है." आम्ही कान दिला. मला आधी काही फरक कळला नाही. मग खालच्या पट्टीतला एक जड, घोगरा सूर ऐकू आला. थोड्या वेळाने पाण्यात काटक्या आणि पालापाचोळा वाहत आला, पाणी गढूळ झाले आणि पाहता पाहता मांडीएवढे चढले. आमच्या डोक्यावर भुरभुर होती. वर कुठेतरी जोरदार सर कोसळून गेली होती. आम्ही आल्या पावली परतलो आणि दुसऱ्या अंगाने उतरलो.

भाषा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला त्या वाक्यातील 'बोली' हा शब्द किती खोल गेला असेल, ते आपण जाणालच. त्या माणसाला नाल्याची बोली येत होती, कारण तो चाळीस पावसाळे त्या वाटेने चालला होता आणि चालताना ऐकत होता. रानातील शांततेला आपण मनाच्या विश्रांतीचे साधन समजतो. तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ती जिवंत राहण्याची अट आहे.

ह्या परिसरातील स्थळनामे पाहा. तिंछा, बामनिया कुंड, मेहंदी कुंड, जोगी भडक, गिदिया खोह, हत्यारी खोह. शेवटचे नाव ज्यांनी ठेवले, त्यांनी एका शब्दात पुढच्या सर्व पिढ्यांना सावध करून ठेवले आहे. आपण त्या नावाकडे एक गमतीदार नाव म्हणून पाहतो आणि कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्र काढतो. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसे वाहून गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. वरच्या पठारावर पडलेला पाऊस दरीत उतरायला वेळ घेतो आणि खाली आभाळ उघडे असतानाही पाणी येते. ही गोष्ट रानातल्या माणसाला कळते. रविवारी हजारोंच्या गर्दीत ध्वनिवर्धक लावून बसलेल्याला कळण्याचा मार्गच उरत नाही, कारण नाल्याचा बदललेला सूर त्याच्या कानापर्यंत येत नाही.

आपल्यापैकी काहींना वाटेल, की रानाची भाषा ही रानातल्यांची गोष्ट. नागर मराठीचा तिच्याशी काय संबंध? ह्याला उत्तर आपल्याच शहराने दिले आहे. दुर्गाबाई भागवत ह्यांचा जन्म १९१० साली ह्या इंदुरात झाला. त्यांच्या 'ऋतुचक्र' ह्या १९५६ च्या ग्रंथाने मराठी ललित गद्याला बारा महिन्यांकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची दृष्टी दिली. एखाद्या महिन्याचे वर्णन करताना कोणते झाड, कोणते पान, कोणता रंग, हे त्या नेमके सांगतात. 'हिरवीगार वनश्री' अशा ठोकळ शब्दांवर त्यांचे भागत नाही. मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये निवर्तले. वन खात्यातील नोकरीच्या निमित्ताने ते विदर्भाच्या जंगलांत राहिले आणि तेथील आदिवासींच्या तोंडचे पक्ष्यांचे, झाडांचे आणि वाटांचे शब्द त्यांनी मराठीत आणले. 'रानवाटा' वाचल्यावर मराठीचा शब्दकोश केवढा वाढला, हे कळते. कालिदासाच्या मेघाला तर यक्षाने रामगिरीहून निघाल्यावर वाट वाकडी करून आपल्या शेजारच्या उज्जयिनीला जावयास सांगितले आहे. कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके अशा श्रेष्ठ कवींनी 'मेघदूत' मराठीत आणले. मराठी कवितेत माळव्याचा पाऊस आला तो असा संस्कृतातून. आपल्या पायांनी आणलेला नव्हे.

इंदूरच्या मराठीची आजची अवस्था आपण जाणतो. ती घरात आहे, गणेशोत्सवात आहे, मंगल कार्यात आहे, रंगमंचावर आहे. उंबरठ्याबाहेर पडले, की आपण हिंदीत बोलतो आणि त्यात काही गैर नाही. पण ज्या भाषेला दारासमोरच्या झाडाचे नाव ठाऊक नाही, ती त्या गावात भाडेकरूसारखी राहते. भाडेकरू कितीही वर्षे राहिला, तरी अंगणात झाड लावत नाही. मराठीजवळ शब्दांची वाण नाही. भुरभुर, झिमझिम, पिरपिर, शिरवे, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव, उघडीप, मळभ. पावसाच्या एवढ्या छटा ज्या भाषेने टिपल्या, ती माळव्याच्या पावसाला अपुरी पडणार नाही. जेथे आपला शब्द नसेल, तेथे माळवी, निमाडी आणि भिली ह्या शेजारणींकडून तो घ्यावा. 'खोह' हा शब्द मराठीत लिहिताना आपण 'दरी' असा बदलतो आणि त्यातला अंधार घालवून बसतो. तो तसाच घेतला, तर मराठी बाटणार नाही, समृद्ध होईल.

ह्या शाळेला माझी एक विनंती आहे आणि तीत खर्च फारसा नाही. दर श्रावणात, गर्दीचा रविवार सोडून, आठवी-नववीची वीसेक मुले, दोन शिक्षक आणि त्या रानात वावरलेला एक स्थानिक माणूस अशी तुकडी अर्धा दिवस रानवाटेने न्यावी. धबधब्याच्या आणि कड्याच्या काठी जाऊ नये, फुगलेला नाला ओलांडू नये, दुपारी परतावे. त्यातील अर्धा तास कुणीही बोलू नये. प्रत्येकाजवळ एक वही असावी आणि तीत पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीचे मराठी नाव, माळवी किंवा निमाडी नाव आणि ती कोठे आढळली, एवढे लिहावे. वाटाड्याला मुलांनी 'काका' म्हणावे आणि त्याच्याकडून शिकावे. त्या दिवशी शिक्षक तोच. ह्या वह्यांतील निवडक भाग शाळेच्या वार्षिक अंकात छापावा. दहा वर्षांत माळव्याच्या पावसाचा एक छोटा मराठी कोश शाळेच्या नावावर जमा होईल. तोवर कदाचित एखाद्या उत्तरपत्रिकेत माडांच्या जागी साग आलेला दिसेल आणि तो तपासणाऱ्या परीक्षकाला फार आनंद होईल.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आहेत, त्यांनाही एवढेच सांगणे. आपण जेथे असाल, तेथल्या डोंगरात, तेथल्या पावसात एकदा मुकाट्याने चालावे आणि जे दिसेल ते मराठीत लिहून काढावे. भाषा टिकविण्यासाठी सभा आणि ठराव लागतात, तसे ओले झालेले पायही लागतात.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करतो.